रिंगणातले गाव

पुरातन अवशेष बहुधा गावाच्या वेशीबाहेर असतात. एव्हबरीत उलटे आहे, इथे गावच अवशेषांच्या आत आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात स्विंडनहून डिव्हायझेसकडे जाणारा रस्ता मातीच्या एका अजस्र बांधातून आत शिरतो. उभ्या शिळांच्या बाजूने जाऊन तो शाकारलेल्या छपराच्या ‘रेड लायन’ पबपाशी वळतो आणि पुन्हा बांधातून बाहेर पडतो. या रस्त्यावरून दूध आणि भाजीपाल्याचे ट्रक धावतात, शाळेच्या बसही जातात. ज्या वर्तुळातून हे सारे जाते, ते जगातले सर्वांत मोठे शिलावर्तुळ मानले जाते.

बांधाचा घेर एक किलोमीटरहून मोठा आहे. त्याच्या आतल्या अंगाला खंदक आहे. शत्रूला अडवायचे असते तर खंदक बाहेर खणला असता. म्हणजे हा किल्ला नव्हे, एवढे तरी नक्की. हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी कठीण खडू फोडून लोकांनी तो नऊ मीटरच्या आसपास खोल नेला. आज तो बराच भरून आला आहे, तरी काठावर उभे राहिले की खालची मेंढरे लहान दिसतात. खंदकाच्या कडेने सुमारे शंभर शिळांचे रिंगण होते आणि त्याच्या पोटात आणखी दोन लहान वर्तुळे. हे सगळे इसवी सनापूर्वी सुमारे २८५० ते २२०० या काळात टप्प्याटप्प्याने घडले. स्टोनहेंजचे दगड तासून सारखे केलेले आहेत. इथल्या सार्सन वालुकाश्माच्या शिळा आसपासच्या माळावरून जशा मिळाल्या तशाच उभ्या केल्या. उत्तरेच्या प्रवेशापाशी असलेली ‘स्विंडन स्टोन’ ही साठ टनांहून जड मानली जाणारी शिळा उभी केल्यापासून कधी पडलेली नाही.

बाकीच्या शिळांच्या नशिबी हे भाग्य नव्हते. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी अनेक शिळा पाडून खड्ड्यांत पुरल्या. कारण काय? ख्रिस्ती धर्माला या जुन्या देवस्थानाचा धाक वाटला, असे सांगितले जाते. शेतीला मोकळी जमीन हवी होती, हेही तितकेच पटते. १९३८ साली अशाच एका पुरलेल्या शिळेखाली एका माणसाचा सांगाडा निघाला. त्याच्याजवळ कात्री, शस्त्रक्रियेत वापरायची सळईसारखी वस्तू आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली नाणी होती. हा माणूस न्हावी-वैद्य होता आणि शिळा पाडताना तिच्याखाली चिरडला गेला, अशी कथा लगेच रूढ झाली. सांगाडा लंडनच्या शल्यविशारदांच्या महाविद्यालयात गेला आणि १९४१ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला, असे सगळे धरून चालले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात सापडला. नव्याने तपासल्यावर चिरडल्याच्या खुणा मात्र मिळाल्या नाहीत. तरी गावात आजही जुनीच कथा सांगतात, कारण ती अधिक रंगतदार आहे.

१६४९ च्या जानेवारीत पुरातन वस्तूंचा अभ्यासक जॉन ऑब्रे शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि थक्क झाला. १६६३ मध्ये त्याने राजा दुसरा चार्ल्स याला हे स्थळ दाखवले. राजाने पाहिले म्हणून दगड वाचले नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून गावाने शिळा फोडण्याची युक्ती साधली होती: शिळेखाली खड्डा करून गवताचा जाळ लावायचा, दगड तापला की त्यावर गार पाण्याची रेघ ओतायची आणि त्याच रेघेवर घण घालायचे. तुकड्यांतून घरे उठली, कुंपणाच्या भिंती उठल्या, प्रार्थनेचे चॅपेलही उठले.

हे सारे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले विल्यम स्ट्यूकली या वैद्याने. १७१९ पासून पाच-सहा वर्षे तो इथे येत राहिला. शिळा फोडणाऱ्या टॉम रॉबिन्सनला त्याने ग्रीक इतिहासातल्या मंदिर जाळणाऱ्या हिरोस्ट्रॅटसच्या पंक्तीला बसवले. हे जरा अन्यायाचेच झाले. ज्याच्या नांगराला शिळा आडवी येते आणि ज्याला घराला दगड हवा, त्याला पुरातत्त्व कोणी शिकवले होते? स्ट्यूकलीचा सिद्धान्तही भलताच होता. हे ड्रुइड पुरोहितांनी बांधलेले सर्पमंदिर आहे, असे तो म्हणे. पण त्याचे डोळे आणि हात सच्चे होते. वर्तुळापासून बेकहॅम्प्टनकडे शिळांची दुहेरी रांग जात होती, हे त्याचे म्हणणे पुढे अनेकांनी कल्पनाविलास ठरवले. १९९९ साली उत्खनन झाले आणि ती रांग जमिनीखाली सापडली.

१८७१ च्या सुमारास वर्तुळातल्या जमिनीवर नवी घरे उठणार होती. ती जमीन जॉन लबक यांनी विकत घेतली. पाषाणयुगाचे पुराश्म आणि नवाश्म असे भाग पाडणारे हेच, इंग्लंडला कायद्याने बँकेची सुट्टी देणारेही हेच. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा १८८२ चा पहिला ब्रिटिश कायदाही त्यांच्याच चिकाटीचे फळ. उमराव झाल्यावर त्यांनी ‘लॉर्ड एव्हबरी’ हेच नाव घेतले.

गावावर खरा हात फिरवला अलेक्झांडर काइलर यांनी. डंडीच्या मार्मालेडच्या धंद्यातून घराण्यात आलेला पैसा त्यांनी जवळच्या विंडमिल हिलच्या उत्खननात ओतला आणि पुढे एव्हबरीतली जमीन घेत घेत जमीनदारांची जुनी हवेलीही घेतली. १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी पुरलेल्या शिळा उकरून मूळ खळग्यांत उभ्या केल्या आणि जिथे शिळा उरली नव्हती तिथे काँक्रीटचे खुंट बसवले. आज पर्यटक ज्यांचे फोटो काढतो, त्या शिळांपैकी बऱ्याच या माणसाने उभ्या केलेल्या आहेत.

त्याची किंमत गावाने मोजली. रिंगणातली घरे आणि गोठे पाडले गेले, कुटुंबे थोड्या अंतरावरच्या एव्हबरी ट्रसलोतल्या सरकारी घरांत गेली. १९४३ मध्ये काइलर यांनी ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टला १२,००० पौंडांना विकली आणि पाडापाडी युद्धानंतरही काही काळ चालू राहिली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे स्मारक दिसावे म्हणून कित्येक शतकांच्या गावाचा एक भाग पुसला गेला. रॉबिन्सनने शिळा फोडून घरे बांधली, काइलर यांनी घरे पाडून शिळा उभारल्या. पहिल्याला इतिहासाने शिवी दिली आणि दुसऱ्याच्या नावाने गावात संग्रहालय आहे.

गावातून दक्षिणेला पायी गेले की सिलबरी हिल दिसते. सपाट माथ्याची ही टेकडी सुमारे ३९ मीटर उंच आहे आणि ती निसर्गाने नव्हे, माणसाने इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमारास रचली. आत सोन्याच्या घोड्यावर बसलेला राजा सिल पुरला आहे, ही दंतकथा लोकांनी इतकी मनावर घेतली की १७७६ मध्ये माथ्यावरून खोल विहीर पाडली, १८४९ मध्ये बोगदा खणला आणि १९६८ मध्ये बीबीसीच्या कॅमेऱ्यांसमोर पुन्हा खणले. ना राजा निघाला, ना घोडा. २००० साली जुनी विहीर खचून माथ्यावर भोक पडले, तेव्हा २००७-०८ मध्ये सगळे बोगदे खडूने भरावे लागले.

समोरच्या चढावर वेस्ट केनेटचे लांबट दफनघर आहे. शंभर मीटरच्या आसपास लांबीचा हा मातीचा ढीग एव्हबरीहूनही सात-आठशे वर्षे जुना आहे. आतल्या पाच दालनांत किमान ३६ माणसांचे अवशेष मिळाले. नव्या कालमापनानुसार ही दफने पिढ्यान्‌पिढ्या चाललेली नसून जेमतेम एका पिढीतली आहेत.

तिथे १९५५-५६ मध्ये खोदणारे स्टुअर्ट पिगट तरुणपणी काइलर यांच्याबरोबर होते. युद्धकाळात त्यांना भारतात धाडले गेले आणि तिथल्या अभ्यासातून त्यांचे भारताच्या प्रागितिहासावरचे पुस्तक १९५० मध्ये आले. महाराष्ट्राचा धागा याहूनही जुना आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळे उकरणारे मुलकी अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये तिथल्या दगडांवरच्या वाटीसारख्या खुणा ब्रिटनमधल्या खुणांशी ताडून पाहिल्या. साम्य वरवरचे आहे. जुनापाणीची वर्तुळे लोहयुगातली, दफनाची आणि एव्हबरीपेक्षा सुमारे दोन हजार वर्षांनी धाकटी आहेत.

स्टोनहेंज इथून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर आहे. १९८६ पासून दोन्ही एकाच जागतिक वारसा स्थळात मोडतात. तिथे तिकीट काढून दोरीपलीकडून पाहावे लागते. एव्हबरीत शिळांना हात लावता येतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. सिलबरीवर मात्र चढू नये, मनाई आहे. जाणाऱ्याने शिळा पाहून झाल्या की चॅपेलच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींकडेही जरूर बघावे. वर्तुळातल्या हरवलेल्या शिळांचे तुकडे तिथेच चिणलेले आहेत.