दुधाचे खाडे आणि मारहाणीच्या खुणा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे मांडतो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन नर्सने १९८५ साली तशाच कॅलेंडरवरून मार खाणाऱ्या बायकांच्या जिवाचा धोका ओळखायला सुरुवात केली.

ओहायोतल्या डेटन शहरात नर्स म्हणून काम केल्यावर त्या तिथल्या पोलिसांच्या खुनाच्या फायली वाचायला बसल्या. (नर्सने खुनाच्या फायली कशाला वाचायच्या, असं कुणाच्या तरी मनात आलंच असेल.) मारल्या गेलेल्या बायकांच्या फायलींत अंधारातला अनोळखी मारेकरी क्वचितच होता, होते ते नवरे, माजी नवरे, प्रियकर. आणि खुनाआधी मारहाण. तापाआधी कणकण यावी तशी.

मग ही कणकण मोजायची कशी? बाईपुढे गेल्या वर्षाचं कॅलेंडर ठेवायचं. ज्या दिवशी मार बसला त्यावर तिने खूण करायची, मार किती जबर होता तो आकडा १ ते ५ मध्ये लिहायचा. ‘नाही हो, वाढलं नाहीये काही,’ म्हणणारी बाई पेन्सिल फिरवता फिरवता थांबते. महिन्यामागून महिना खुणा दाट होत गेलेल्या तिला स्वतःलाच दिसतात. मला या साऱ्या संशोधनात हाच क्षण सगळ्यात विलक्षण वाटतो.

मग हो-नाहीचे २० प्रश्न. घरात बंदूक आहे? गरोदरपणी मारलं? कधी गळा दाबला? गळ्याचा प्रश्न साधा नाही. दाबल्याचा वळ कातडीवर अनेकदा उमटतही नाही. पण आधी गळा दाबला गेलेल्या बाईच्या खुनाचा धोका सात पटींहून जास्त, असं कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये आढळलं. त्याआधी, त्यांच्याच २००३ च्या ११ शहरांच्या अभ्यासात, मेलेल्या बायकांच्या वतीने उत्तरं दिली होती त्यांच्या जवळच्या माणसांनी.

जिवंत राहिलेल्यांचं काय? डोकेदुखी, पाठदुखी, पोटाच्या तक्रारी मार थांबल्यावरही उरतात, हे कॅम्पबेल यांनी २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. केसपेपरवर मात्र ‘जिन्यावरून पडली’.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये आता पोलीस त्या २० प्रश्नांवरून बेतलेले ११ प्रश्न घेऊन दारात उभे राहतात. उत्तरं वाईट निघाली, तर तिथूनच मदतकेंद्राला फोन लावतात आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरतात.