जादा टनाचा धनी कोण?

मालमोटारीत नोंदलेल्या क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे हा गुन्हा आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा गुन्हा घडतो कोठे, त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो आणि शिक्षा कोण भोगतो, एवढाच. यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. वणी तालुक्यातील कोळशाच्या खाणी, राजूरच्या चुनखडीच्या भट्ट्या, मुकुटबनचा २०२२ पासून उत्पादन करू लागलेला सिमेंट कारखाना, वर्धा आणि पैनगंगेच्या पात्रांतील वाळू हे सारे वजनदार माल. त्यांतला मोठा भाग रस्त्यानेच जातो, आणि तो वाहणाऱ्यांत एक-दोन गाड्यांचे धनी असलेले, स्वतःच चक्र हाती धरणारे मालकचालक पुष्कळ आहेत.

कायद्याची भाषा प्रथम पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक वजनाने गाडी चालविता येत नाही. कलम १९४ मध्ये शिक्षा आहे. पूर्वी हा दंड किमान २,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास १,००० रुपये असा होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा झाला. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा, आणि तो उतरेपर्यंत गाडी जागची हलवावयाची नाही. काट्यावर जाण्यास नकार दिला, किंवा वजनापूर्वीच माल उतरविला, तर ४०,००० रुपये.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, दहाचाकी गाडीत पाच टन कोळसा जादा घातला आणि जवळच्या फेरीस टनामागे ३०० रुपये भाडे मिळाले. गाडीवाल्याच्या हाती अधिक आले १,५०० रुपये. त्यांतले काही जादा डिझेलात गेले, काही टायरांत. वायुवेग पथकाने गाडी अडविली, तर कायद्यात लिहिलेला दंड होतो ३०,००० रुपये. म्हणजे वीस फेऱ्यांची जादा कमाई एका चलनात गेली. हिशेब इतका उघड असताना माणूस हा धोका का पत्करतो? उत्तर भाड्याच्या रीतीत आहे. भाडे गाडीवर ठरत नाही, टनावर ठरते. आणि ते टनाचे भाडे इतके बेताचे असते की नियमाएवढा माल नेणाऱ्याला डिझेल, टोल, क्लीनरचा पगार आणि बँकेचा हप्ता भागविल्यावर घरी नेण्यास फारसे उरत नाही. (आपल्या भाषेत कर्जाच्या परतफेडीला आणि रस्त्यावरच्या लाचेला ‘हप्ता’ हा एकच शब्द आहे. मालमोटारवाल्याला तो दोन्ही अर्थांनी ठाऊक असतो.)

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढविल्या. दोन आसांच्या गाडीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले आणि तीन आसांच्या गाडीचे २५ वरून २८.५ टन. आता जादा भरण्याची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा होती. घडले ते निराळे. देशाची वहनक्षमता कागदावर एकाएकी वाढली, माल तेवढाच राहिला, भाडे दबले, आणि नव्या मर्यादेच्या वरचा टन पुन्हा मोहात पाडू लागला.

दंड हा या धोक्याचा एक भाग झाला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना कळविले की, मालवाहू गाडीत जादा भार आढळल्यास चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. मोठ्या वाहतूक कंपनीच्या दृष्टीने ही बाब किरकोळ आहे. ती दुसऱ्या दिवशी दुसरा चालक बसविते. मालकचालकाचे मात्र तीन महिने उत्पन्न बंद, आणि बँक तर तीन महिने थांबत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी वजनाची पावती मागते आणि गाडीच्या नुकसानभरपाईत कपात करण्यास तिला सबब मिळते. वैशाखातल्या उन्हात, तापलेल्या डांबरावर, जादा भाराखाली घासलेले टायर फुटते. उतारावर ब्रेक तापून हात टेकतात. त्या वेळी समोरून सायकलवर शाळेत चाललेले पोर असेल, तर सगळे हिशेब फोल होतात.

रस्त्याचेही ऐकले पाहिजे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर गाड्या फिरवून एक मोठा प्रयोग करण्यात आला. त्यातून निघालेला नियम अभियंते आजही ढोबळमानाने वापरतात: रस्त्याची झीज आसभाराच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार सव्वापट झाला तर झीज जवळजवळ अडीचपट होते आणि दीडपट झाला तर पाचपट. त्यात आपली जमीन काळी, कापसाची; पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा पायावरील रस्ता जादा टनाने किती लवकर खचत असेल, हे वणी भागातील एस.टी.च्या प्रवाशास सांगावयास नको.

एवढे असूनही माझे म्हणणे असे की, सारा दोष गाडीवाल्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही आहे. जादा टन महामार्गावर जन्म घेत नाही. तो भरला जातो खासगी कोळसा प्लॉटवर, गिट्टीच्या क्रशरवर, वाळूच्या घाटावर. वाळूचेच पाहा. वाळू मोजावयाची ती ब्रासात, म्हणजे शंभर घनफुटांत. महसूल खात्याचे स्वामित्वधनही ब्रासावर. रस्त्याचा कायदा मात्र टनात बोलतो. एक ब्रास कोरडी वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. पात्रातून नुकतीच काढलेली ओली वाळू त्याहून जड. दोन आसांच्या टिप्परचे रिकामे वजन सात टनांच्या घरात धरले, तर त्यात सुमारे साडेअकरा टन माल कायदेशीर बसतो. म्हणजे दोन ब्रास ठीक, तिसरा बेकायदा. गिऱ्हाइकाला तीन हवे असतात, घाटावर तीन भरले जातात, पावती ब्रासाची असल्याने तीत टनाचा उल्लेख येत नाही, आणि टनाची आठवण होते ती गाडी पथकाच्या काट्यावर चढल्यावर. एकाच शासनाची दोन खाती एकच वाळू दोन मापांनी मोजतात आणि त्या दोन मापांमधली तफावत गाडीवाला भरतो.

त्याने नाही म्हणावे, असे सांगणारे भेटतात. पगारदाराला हे सांगणे सोपे आहे. नाही म्हणणाऱ्याची गाडी रांगेतून बाजूला होते, मागची पुढे येते, आणि उद्याच्या फेरीसाठी कंत्राटदार त्याला बोलावीत नाही.

वस्तुतः कायद्याचे शब्द एवढे अरुंद नाहीत. कलम १९४ गाडी चालविणाऱ्याबरोबरच ती तशी चालवावयास लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दंड सांगते. माल भरणारा यातून सुटतो तो कायद्याने नव्हे, कारवाईच्या सवयीने. कारण चलन निघते ते गाडीच्या क्रमांकावर, आणि प्लॉटला क्रमांक नसतो. दंड भरून जादा माल तसाच पुढे नेऊ देण्याची जी सोय काही राज्यांनी करून ठेवली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात ९ नोव्हेंबर २००५ रोजी मोडून काढली. माल उतरलाच पाहिजे, हे तेव्हा निःसंदिग्ध झाले. पण उतरवावयाचा कोणी? कलम ११४ म्हणते, चालकाने, स्वतःच्या जबाबदारीवर. पाच टन कोळसा परक्याचा, रात्र, उघडा रस्ता, आणि सकाळी ढीग कमी भरला तर भरपाई याच्या खिशातून.

ऑस्ट्रेलियात २०१४ पासून बहुतेक राज्यांत लागू असलेल्या अवजड वाहनांच्या कायद्यात माल पाठविणारा, भरणारा, फेऱ्यांचे वेळापत्रक आखणारा अशा सर्वांवर जबाबदारीची साखळी टाकलेली आहे. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जेथे माल भरला जातो तेथल्या प्रत्येक पावतीवर गाडीचे नोंदणीकृत एकूण वजन आणि भरल्यानंतरचे वजन शेजारीशेजारी छापण्याची सक्ती करावी. वाळूच्या पावतीवर ब्रासाखाली टन लिहावा. आणि पावतीवर भरणाऱ्याचे नाव व सही असावी. म्हणजे पथकाने गाडी अडविल्यावर निरीक्षकाला एकाऐवजी दोन चलने लिहिता येतील, आणि दुसऱ्या चलनावर पत्ता घाटाचा किंवा प्लॉटचा असेल.

जाता जाता कापसाविषयी. दिवाळीनंतर पांढरकवड्याकडे, वणीकडे कापसाच्या गाड्या सुरू होतात, दोन्ही बाजूंना फुगलेल्या, आकाशाला भिडलेल्या. पाहणाऱ्याला वाटते, सर्वांत मोठा गुन्हा हाच. वास्तविक कापूस हलका. ती गाडी वजनात बहुधा बसते. तिला लागू होते ते निराळे पोटकलम, माल गाडीच्या बाहेर आल्याचे, आणि त्याचाही दंड २०,००० रुपयेच. तिच्यामागून ताडपत्री घट्ट बांधून निमूटपणे जाणारी कोळशाची दहाचाकी कोणाच्या नजरेत भरत नाही.