वणव्यानंतरची डोंगरवाट

मुरबाड तालुक्यातील धसईहून देहरीकडे जाऊ लागले म्हणजे सह्याद्रीच्या भिंतीपुढे उभे असलेले गोरखगड व मच्छिंद्रगड दृष्टीस पडतात. याच भागातील डोंगरपायथ्याच्या एका ढोरवाटेने आषाढाच्या आरंभी जाण्याचा प्रसंग मला आला. फाल्गुनात तेथे वणवा लागून गेला होता. वाट रुंद व गुरांच्या खुरांनी उघडी पडलेली असल्यामुळे गावकऱ्यांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आग त्या वाटेवरच अडविली होती. परिणामी उजव्या हाताचा उतार जळालेला व डाव्या हाताचा वाचलेला, अशी एखाद्या प्रयोगशेतातील दोन वाफ्यांसारखी स्थिती निर्माण झाली होती.

पहिल्या दृष्टीस उजवा उतारच अधिक हिरवा दिसला. डावीकडे मात्र जुन्या वाळक्या काडाआडून नवे गवत नुकतेच डोके काढीत होते. बरोबरचे वृद्ध शेतकरी म्हणाले, “साहेब, जळलं तिथंच आधी हिरवं झालं बघा.” क्षणभर मलाही ते पटले. डोंगर जाळला म्हणजे गवत चांगले येते, ही समजूत अशाच दर्शनातून रूढ झाली असली पाहिजे.

हिरवळ लवकर का येते

वाळके काड जळून गेल्यामुळे उन्हाला वाव मिळतो, काळी पडलेली जमीन लवकर तापते आणि राखेतील पालाश व चुना पहिल्या पावसाबरोबर मुळांना मिळतो. परंतु पाल्यातील नत्राचा मोठा भाग आगीत वायुरूपाने निघून जातो. उरलेली राख उतारावर टिकत नाही. म्हणजे ही हिरवळ नवी कमाई नसून साठविलेल्या भांडवलाची उधळण होय.

पुढे वाट दोन ओहळ ओलांडते. वाचलेल्या बाजूच्या ओहळाचे पाणी बहुतांशी निवळ होते. जळालेल्या बाजूचे पाणी करड्या मातीने गढूळ झाले होते. २५ मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. आपल्या तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस होतो. पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर थेंबांचा मारा त्यावर बसतो व पाणी जमिनीत मुरते. आच्छादन जळाले असेल तर तेच पाणी माती घेऊन खाली धावते, बंधारे गाळाने भरते आणि उन्हाळ्यात झरे लवकर आटतात.

काय वाचते, काय जाते

जाड सालीचा कुंभा बहुधा वाचतो. साग, ऐन, पळस यांच्या बुंध्यांना व मुळांना धुमारे फुटतात. शेवळे व फोडशी यांचे कंदमूळ जमिनीखाली सुरक्षित राहते. म्हणून थोड्याच पावसात डोंगर सावरल्यासारखा वाटतो. पण एक-दोन वर्षांची रोपे जळून जातात. त्या उतारावर मोठी झाडे उभी होती, परंतु त्यांच्या पायाशी एकही कोवळे रोप मला आढळले नाही. वणवा वारंवार लागला तर जुनी झाडे पडल्यावर त्यांची जागा घेण्यास कोणी उरणार नाही.

दिवाळीनंतर त्याच वाटेने पुन्हा गेलो, तेव्हा खरा हिशेब समजला. वाचलेल्या उतारावर पवन्या व मारवेल कापणीस आलेले होते. जळालेल्या उतारावर कुसळीचे राज्य होते. कुसळीच्या बीजाचा पिळदार केस ओलाव्याने उलगडतो व वाळल्यावर पुन्हा पिळतो. त्यायोगे बीज जमिनीत शिरते आणि आगीतून वाचते. चांगली गवते मात्र वारंवारच्या आगीने मागे पडतात. पिकलेल्या कुसळीने जनावरांच्या तोंडास इजा होते. आषाढात हिरवळ दाखविणारे तेच शेतकरी या वेळी खाली बसले, एक कुसळ हातावर घेऊन पाहिले आणि काही बोलले नाहीत.

गावाने काय करावे

वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानते. तयारी मात्र त्यापूर्वी झाली पाहिजे.

१. गवत फुलोऱ्यात असतानाच कापावे. चारा सकस मिळतो व जळण्याजोगे काडही उरत नाही.

२. गावच्या ढोरवाटा व पायवाटा माघापूर्वी साफ कराव्यात. दोन्ही बाजूंचे गवत कापून निदान दहा हात रुंद पट्टा मोकळा ठेवावा. वनखात्याच्या जाळरेषांच्या कामास साहाय्य करावे. स्वतः आग लावून पट्टा काढू नये.

३. राब भाजताना भोवतालचा पालापाचोळा दूर करावा, वारा पडलेला असताना सकाळी भाजावे व निखारे विझेपर्यंत जागा सोडू नये. उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वर चढण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, म्हणून डोंगराला लागून असलेला राब विशेष धोक्याचा आहे.

४. शक्य तेथे राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपे करावीत. चारसूत्री पद्धतीत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळतात. बांधावर गिरिपुष्प लावल्यास हिरवळीचे खतही मिळते व झाडांची टहाळी तोडावी लागत नाही.

५. मोहाची फुले वेचण्यासाठी पाला जाळू नये. झाडून गोळा करावा. मध काढताना नेलेला धूर व विडीचे थोटूक पूर्ण विझवावे.

६. जळालेल्या उतारावर पुढील पावसाळे गुरे सोडू नयेत, म्हणजे नवे धुमारे वाढतील.

आग दिसताच वनरक्षकास अथवा वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना पाठविते. तथापि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोंगरावरून जातो. गावाची नजर मात्र दिवसभर डोंगरावर असते. विझविताना आगीच्या वरच्या अंगास कोणीही उभे राहू नये.

ग्रामसेवक व कृषी सहायक बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. या विषयावर सभा घेण्याआधी शेतकऱ्यांना अशा एखाद्या वाटेवर दोनदा न्यावे: एकदा आषाढात व एकदा दिवाळीनंतर. पहिल्या फेरीत त्यांचे म्हणणे खोडून काढण्याची घाई करू नये. दुसऱ्या फेरीत दोन्ही हातांचे उतार त्यांना स्वतः पाहू द्यावेत.