दोन प्रोसेसर, एक हेडर: लिनक्स कर्नलमधल्या एकत्रीकरणाची रीत

लिनक्स कर्नलच्या बहुतेक कोडला आपण कुठल्या प्रोसेसरवर चालणार आहोत याच्याशी देणेघेणे नसते. ज्याला असते, तो कोड ‘आर्च’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रोसेसरनिहाय ठेवलेला असतो. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठी तिथे २००७ पर्यंत दोन फोल्डर होते: ३२ बिटांसाठी आय३८६ आणि ६४ बिटांसाठी एक्स८६-६४. आज एकच आहे, एक्स८६. हे दोन कसे जुळले आणि काय मुद्दाम जुळवले नाही, हे पाहिले की एकमेकांच्या नात्यातल्या प्रोसेसरांनी कोड कसा वाटून घ्यावा हे कळते.

हेडरमध्ये असते काय

कर्नलच्या या थरातल्या हेडर फाइलीत नुसत्या घोषणा नसतात, चालणारा कोडही असतो. एखादा आकडा मध्ये कुणाचा हात न लागता वाढवणे, एक बिट तपासून बदलणे, इंटरप्ट बंद करणे, मेमरीतले वाचन-लेखन ठरल्या क्रमाने करवून घेणे ही कामे दोन-चार ओळींच्या असेंब्लीत लिहिलेली असतात आणि कंपायलर ती वापराच्या जागीच बसवतो. त्यामुळे हेडरमधली एक चूक कर्नलभर पसरते.

दोन प्रती कशा झाल्या

लिनक्स १९९१ मध्ये सुरू झाले तेच ३८६ प्रोसेसरवर. एएमडीने जुन्या सूचनासंचाला ६४ बिटांची जोड दिली आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन बाजारात आणला. त्यासाठीचा कर्नल कोड आय३८६ च्या कोडावरूनच घडवला गेला, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. जुन्या यंत्रांच्या खोडी सांभाळणारा कोड नव्या घरात नको, हा त्यामागचा रास्त हेतू होता.

पुढे दोन अडचणी आल्या. एका प्रतीत दुरुस्त झालेला बग दुसरीत तसाच राहू लागला. शिवाय ६४ बिटांची मेकफाइल, म्हणजे काय कंपाइल करायचे ते सांगणारी फाइल, काही फाइली थेट आय३८६ च्या फोल्डरमधून उचलत असे. आय३८६ मध्ये बदल करणाऱ्याला ही फाइल दुसरीकडेही कंपाइल होते याचा पत्ता नसे. कोड सामाईक होता, पण ते फाइलीकडे पाहून कळत नव्हते.

आधी हलवायचे, मग जोडायचे

थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी २००७ मध्ये एकत्रीकरणाचा प्रस्ताव मांडला. दोन्ही फोल्डरांची देखभाल तेव्हा अँडी क्लीन यांच्याकडे होती आणि त्यांचा विरोध होता. जुन्याचे ओझे नव्यावर येईल, ही त्यांची भीती होती. प्रस्ताव अखेर स्वीकारला गेला आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत एक्स८६ फोल्डर दिसला.

पहिल्या टप्प्यात जोडणी जवळजवळ नव्हतीच. फाइली होत्या तशा हलवल्या आणि नावांना ३२ किंवा ६४ जोडले. मूळ नावाच्या हेडरमध्ये एवढाच कोड उरला: ३२ बिटांचा कर्नल असेल तर ही फाइल घ्या, नाहीतर ती घ्या. विभक्त झालेल्या भावांनी पुन्हा एकत्र राहायला यावे, पण चुली वेगळ्याच ठेवाव्यात, तसा हा प्रकार. मात्र दोन्ही फाइली आता शेजारी होत्या, आणि त्यांच्यातला खरा फरक कुठला आणि नुसता लिहिण्याच्या सवयीचा कुठला, हे ताडून पाहता येत होते. मग छोट्या छोट्या पॅचमधून एकेक फाइल जुळवली गेली. वागणूक बदलू नये अशा साफसफाईत बदलाआधीच्या आणि नंतरच्या यंत्रकोडाचे एमडी५ ठसेही जुळवून पाहिले जात.

फरक एका जागी कोंडणे

३२ बिटांत ज्या रजिस्टरला ईएएक्स म्हणतात, तेच ६४ बिटांत आरएएक्स होते. प्रत्येक वापराच्या जागी ‘जर-तर’ लिहिले तर एकत्र केलेली फाइल दोन वेगळ्या फाइलींपेक्षाही वाचायला अवघड होईल. म्हणून कर्नलने दोन उपाय केले.

पहिला नावांचा. रजिस्टरांच्या किमती साठवणाऱ्या रचनेतून ‘ई’ आणि ‘आर’ ही आद्याक्षरे काढून टाकली. दोन्हीकडे नुसते एएक्स, नुसते आयपी राहिले. दुसरा मॅक्रोंचा. रजिस्टराचे नाव, पॉइंटरचा आकार, सूचनेचे शेवटचे अक्षर या गोष्टी एका हेडरमधले मोजके मॅक्रो ठरवतात आणि बाकीचा कोड तेच वापरतो. सी भाषेतला ‘लाँग’ इथे कामी येतो. लिनक्समध्ये तो ३२ बिटांच्या कर्नलमध्ये ४ बाइटांचा आणि ६४ बिटांच्या कर्नलमध्ये ८ बाइटांचा, म्हणजे पॉइंटरएवढाच असतो.

जे वेगळेच राहिले

काही फाइलींवर ३२ आणि ६४ अजूनही कायम आहेत. प्रोग्रामकडून कर्नलमध्ये शिरण्याचा असेंब्ली कोड त्यांपैकी एक. दोन्हीकडचे दरवाजेच निराळे आहेत. सिस्टिम कॉलचे क्रमांकही जुळत नाहीत: ‘राइट’चा क्रमांक ३२ बिटांत ४, तर ६४ बिटांत १. तयार प्रोग्राम याच क्रमांकांवर विसंबून असल्याने ते आता बदलता येत नाहीत. ६४ बिटांचा आकडा अखंडपणे बदलायला ३२ बिटांच्या प्रोसेसरला खास सूचना लागते, दुसऱ्याला तो साध्या रजिस्टरात मावतो. म्हणून त्या कामाची हेडरही दोन आहेत.

पॉवरपीसी आणि एआरएम

पॉवरपीसीने हीच वाट एक्स८६ च्या आधी धरली. २.६.१५ मध्ये सामाईक फोल्डर आला आणि २००८ मध्ये, २.६.२७ ला, जुना ३२ बिटांचा फोल्डर काढून टाकला गेला. एआरएमने मात्र उलट केले. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीत ६४ बिटांचा एआरएम स्वतंत्र फोल्डर घेऊन आला, कारण तिथे सूचनासंचच नवा होता. तरी थोडा कोड सामाईक निघालाच. झेन या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीची हेडर ६४ बिटांचा फोल्डर थेट ३२ बिटांच्या फोल्डरमधून घेत असे. हेडर वेगळी बांधून वितरित करताना ते अडू लागले, कारण एका आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसर-प्रकाराची, हेडर दुसऱ्याच्या फोल्डरशिवाय अपुरी पडत. पुढे ती दोघांच्याही बाहेर, सामाईक जागी नेली गेली.

सगळ्यांची सामाईक हेडर

जिथे कुठल्याच प्रोसेसरचे वेगळे म्हणणे नसते, तिथे ‘एएसएम-जेनेरिक’ हा हेडरसंच असतो. आर्किटेक्चरने एका यादीत हेडरचे नाव लिहायचे. बाकीची एका ओळीची फाइल बांधणीच्या वेळी आपोआप तयार होते.

कसोटी

दोन फाइली सारख्या दिसतात, एवढ्यावरून त्या एक करू नयेत. एकीत बदल करावा लागला तर त्याच कारणाने दुसरीतही करावा लागेल का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर कोड एक करावा आणि दोघांचाही दिसेल अशा जागी ठेवावा. नकारार्थी असेल तर प्रत काढणे स्वस्त पडते. २०१८ च्या सुरुवातीला ४.१५ मध्ये आलेल्या रिस्क-फाइव्हने ३२ आणि ६४ बिटांसाठी पहिल्यापासून एकच फोल्डर ठेवला. त्याचा सूचनासंच दोन्ही रुंदींचा विचार करूनच आखलेला असल्याने तिथे हे उत्तर आधीच ठरलेले होते.