कोळशावरच्या खडकाची परीक्षा



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि खाणीवर पुष्कळ झाले. तेव्हा पंडिताच्या थाटात मी बोलणार नाही. युनियनच्या कामात विचारून विचारून जे कळले, तेवढे सांगतो.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या वर्धा खोऱ्याच्या भागात उघड्या खाणीतून कोळसा काढायचा, तर त्यावरची माती, वालुकाश्म, शेल हे सारे आधी उपसावे लागते. याला खाणीवर ‘ओबी’, म्हणजे ओव्हरबर्डन, म्हणतात. नावातच ओझे आहे. आणि ओझ्याची चौकशी कोण करतो?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका खाणीवर मी पाहिले. बोअरमधून निघालेला कोळशाचा कोर नंबर घालून पेटीत जपला होता; वरच्या खडकाचा कोर रस्त्यातले खड्डे बुजवायला गेला. पुढे एका पावसाळ्यात ढिगाऱ्याच्या पायथ्याशी तांबूस पाणी झिरपू लागले. गावकऱ्यांनी विचारले, हे कोणत्या थराचे पाणी? उत्तर कोण देणार? तो थर आम्ही रस्त्यात पुरला होता.

असे पाणी का येते? काही खडकांत पायराइट असते. हे लोह आणि गंधक यांचे सोनेरी चमकीचे खनिज. जमिनीत हवेआड असते तोवर ते स्वस्थ असते. खडक फोडून ढीग घातला, त्याला हवा आणि पाणी लागले, की त्यातून गंधकाम्ल तयार होते. खडकातच चुनखडीचा अंश असेल तर आम्ल तिथल्या तिथे मरते. हिशेब असा: हजार टन खडकात पायराइटच्या रूपातले गंधक शेकडा १ असेल, तर ते आम्ल मारायला सुमारे ३१ टन शुद्ध चुनखडी लागते. म्हणजे खडकातील जमा आणि खर्च दोन्ही मोजले पाहिजेत.

आपल्या गोंडवन काळच्या कोळशात गंधक सहसा कमी असते. आसामातील माकूमच्या कोळशात फार. म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एका पाण्यात, एका आचेवर शिजतो. जमीन तशी शिजलेली नाही. एका थरात चुना, त्याखालच्या हातभर थरात पायराइट, असे घडते.

म्हणून बोअर आखूनच घ्यावे लागतात. पहिली गोष्ट, जागा. जिथे कोळसा उथळ आहे, तिथला खडक पावसापाण्याने झिजून त्यातले पायराइट आणि चुना दोन्ही धुऊन गेलेले असतात. तेवढाच बोअर घेतला तर फसगत होते. जिथे उपसा सर्वांत खोल जाणार, तिथेही बोअर हवा. दोन शेजारच्या बोअरांचे म्हणणे जुळले नाही, तर मध्ये तिसरा घ्यावा. दुसरी, खोली. कोळशाच्या तळाशी थांबू नये. खालचा थरही खाणीत उघडा पडतो. तिसरी, नमुना. खडक बदलला की नमुना बदलावा. एकाच जातीचा जाड थर असला तरी मीटर-मीटरचे तुकडे वेगळे ठेवावेत. सारे एकत्र कुटले तर वाईट थर सरासरीत लपतो, आणि तो ढिगाऱ्यात कुठे टाकू नये हे कळत नाही. चौथी, जपणूक. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग नंबर आणि खोली लिहून राखून ठेवावा, म्हणजे वाद झाला तर पुन्हा तपासता येतो.

अमेरिकेत १९७७ साली उघड्या खाणींचा कायदा झाला. त्यात परवान्याच्या अर्जासोबत बोअरची नोंद, आम्ल करू शकणाऱ्या वरच्या थरांचे पृथक्करण आणि कोळशाच्या लगत खालच्या थराचेही पृथक्करण मागितले आहे. ही अक्कल फुकट आली नाही. ॲपलाचियन डोंगरातले कितीतरी ओढे आधी नासले होते.

खर्चाचे कारण सांगतात. पण कोळशासाठी बोअर पाडावाच लागतो. वरचा खडक त्याच भोकातून वर येतो. जादा खर्च आहे तो पेट्यांचा, तपासणीचा आणि असलाच तर दोन-चार बोअरांचा. नासलेल्या विहिरीपुढे तो काय?

तेव्हा तुमच्या गावी खाणीची जनसुनावणी झाली, तर किती नोकऱ्या मिळणार हे जरूर विचारा. मीही तेच आधी विचारतो. पण त्यासोबत हेही विचारा: बोअर कुठे घेतले, किती खोल, नमुने कसे कापले, आणि वरच्या खडकाच्या पेट्या कुठे आहेत? पेट्या दाखवता आल्या नाहीत, तर परीक्षा झालीच नाही असे समजा.