हिवाळ्यातील निधी-पदयात्रा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या रुग्णालयासाठी किंवा संशोधनासाठी पैसे उभे करायचे म्हणून शेकडो किलोमीटर चालत जाण्याची प्रथा ब्रिटनमध्ये चांगलीच रुजली आहे. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण क्रिकेटपटू इयन बोथमचे. 1985च्या ऑक्टोबरअखेरीस तो स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाजवळील जॉन ओ'ग्रोट्सहून निघाला आणि सुमारे 1,400 किलोमीटर चालून 35 दिवसांनी नैर्ऋत्येच्या लँड्स एंडला पोहोचला. जमलेला निधी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला गेला. अशा हिवाळी पदयात्रांविषयी बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत आणि त्यांतल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

बर्फ पडत नसेल तर थंडीची भीती नाही, ही त्यांतली सर्वांत घातक. शरीराच्या आतले तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो आणि त्यासाठी बाहेर पाणी गोठायला लागत नाही. पाच-सात अंशांचा पाऊस आणि जोराचा वारा एवढे पुरते. मार्च 1964मध्ये इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये ‘फोर इन्स वॉक’ ही स्काउटांची लांब पल्ल्याची स्पर्धा झाली. थंड पाऊस आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तीन तरुण रोव्हर स्काउट दगावले. 1953च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला. चिंब भिजलेले कपडे वाऱ्यात आपली ऊब जवळजवळ गमावून बसतात, हे त्यांनी दाखवले.

त्यातूनच दुसरा समजही मोडीत निघतो : चालत राहणाऱ्याला थंडी बाधत नाही. चालण्याने उष्णता निर्माण होते, पण वेग टिकला तरच. थकवा आला, पोटात काही नसले, की पावले मंदावतात, उष्णता घटते, गारठा वाढतो आणि पावले आणखी मंदावतात. या चक्रात सापडलेला माणूस चिडचिडा होतो, अडखळतो, बोलताना चाचरतो आणि आपल्याला काही झालेले नाही असे ठासून सांगतो. म्हणून त्याच्यावर सोबत्यांनीच लक्ष ठेवावे लागते. अशा वेळी त्याला आडोशाला नेणे, ओले कपडे बदलणे, शुद्धीवर असल्यास गरम, गोड पेय देणे आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलावणे हेच योग्य. ब्रँडीचा घोट मात्र अपायच करतो. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब जाणवते, पण आतली उष्णता बाहेर पडते.

वारी केलेल्या माणसाला हे सहज जमेल, असे महाराष्ट्रातून ब्रिटनला गेलेल्यांपैकी कुणाला वाटू शकते. वारीने चालण्याची सवय होते, यात शंका नाही. पण आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटरचे अंतर पालखी जवळपास तीन आठवड्यांत कापते. बोथमची सरासरी दिवसाला 40 किलोमीटर होती. शिवाय आषाढातल्या पावसात भिजलेले अंग चालता चालता सुकते, तिकडच्या नोव्हेंबरात ते गारठते. वारीत चालणारा सुती सदरा तिथे उपयोगाचा नाही, कारण सूत पाणी धरून ठेवते. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड हवा. एकच जाडजूड कोट घातला तर चढावर घाम येतो आणि माणूस आतून भिजतो.

शरीराची बहुतेक उष्णता डोक्यातून जाते, हेही खरे नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा हिस्सा आहे आणि उष्णता साधारण त्याच प्रमाणात जाते. कानटोपी घालावीच, पण तिच्या भरवशावर ओले पाय विसरू नयेत. थंडीत तहान कमी जाणवते. पाण्याची गरज मात्र उरतेच.

दिवसाची लांबी अनेकांच्या हिशेबातच नसते. डिसेंबरात उत्तर स्कॉटलंडमध्ये उजेड जेमतेम साडेसहा तास असतो. ताशी पाच किलोमीटरने 40 किलोमीटरला आठ तास लागतात, म्हणजे काही वाट अंधारात येणारच. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालायचे. अंगावर प्रकाश परावर्तित करणारे जाकीट आणि हातात विजेरी हवी.

पैशांबाबतचा मुख्य घोटाळा असा, की सहभागाचे शुल्क भरले म्हणजे देणगी दिली. हे शुल्क बहुधा आयोजनाच्या खर्चासाठी असते. निधी उभा राहतो तो चालणाऱ्याने नातेवाईक, शेजारी, सहकारी यांच्याकडून मिळवलेल्या देणग्यांतून. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने ‘गिफ्ट एड’ची संमती दिली, तर दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून 25 पेन्स जादा मिळतात. पुण्याहून मामाने पाठवलेल्या पैशांवर ही भर मिळत नाही, कारण तो तिकडचा करदाता नसतो. त्याची मूळ रक्कम मात्र संस्थेला मिळतेच.