फ्लॅट वरचा, खांब तळमजल्यावरचे

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे चाळीस माणसं झोपेतच गेली. एप्रिल 2023 मध्ये भिवंडीजवळच्या वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली. तिथे खाली गोदाम होतं, वर कुटुंबं राहत होती. आठ जण दगावले. तरीही आपल्याकडे घराचा सौदा ठरतो तो टाइल्स, किचनचा ओटा आणि ताजा रंग बघून. आधी इंजिनिअरला दाखवा म्हटलं की काही ठरावीक उत्तरं ऐकू येतात.

‘बँकेने लोन मंजूर केलं, म्हणजे बिल्डिंग ठीकच असणार.’ हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. बँकेचा माणूस येतो तो किंमत ठरवायला. कर्ज थकलं तर हे घर विकून किती वसूल होईल, हा त्याचा प्रश्न. वकील कागद तपासतो. खांबाला हात कोणीच लावत नाही.

‘इमारत कुठे जुनी आहे?’ महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ नुसार 30 वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. याचा अर्थ तोवर ती सुरक्षित आहे असा कोणी काढू नये. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी 15 वर्षं झाल्यापासूनच दर पाच वर्षांनी ऑडिट करायला सांगतात आणि 30 वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. भिवंडीत तर नुसतं वय पाहून चालतच नाही. खाली लूम (यंत्रमाग) चालत असतील, तर त्यांचे हादरे रात्रंदिवस बांधकामाला बसतात. गाळा मोठा करायला कोणी भिंत पाडलेली असते, खांब तासलेला असतो. गच्चीवर मागाहून मजला चढतो किंवा मोबाइलचा टॉवर उभा राहतो. म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेणाऱ्यानेही इंजिनिअरला आधी तळमजल्यावर न्यावं, मग गच्चीवर, आणि शेवटी फ्लॅटमध्ये.

‘तडे काय, सगळ्याच घरांना असतात.’ हे अर्धंच खरं. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. पण खांबावर सळईच्या रेषेत उभी गेलेली भेग दिसली, तर आत लोखंड गंजायला लागलं असण्याची दाट शक्यता असते. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. इंजिनिअर लहान हातोडीने ठोकत जातो. पोकळ आवाज आला की तिथला थर सुटलेला आहे हे कळतं. मग थोडं काँक्रीट फोडून ताज्या भागावर तो फिनॉल्फ्थॅलिन फवारतो. भाग गर्द गुलाबी झाला, तर सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत आहे. रंग चढलाच नाही आणि तो कोरा पट्टा सळईपर्यंत पोचलेला असला, तर तिचं संरक्षण संपलेलं आहे. याशिवाय रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्या असतात. रंगाचा एक हात मारला की डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, आणि विकायच्या आधीच तो हात मारलेला असतो.

‘घरपट्टीची पावती आहे ना!’ घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. तेवढ्याने ते अधिकृत होत नाही. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहा. मंजूर नकाशात किती मजले आहेत ते बघा आणि प्रत्यक्षातले मोजून ताडा.

‘तपासणी म्हणजे विकणाऱ्याचं नुकसान.’ मला हे पटत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. लपवला तर ती फसवणूक. सौद्याआधीच अहवाल हाती असला, की भाव दोष धरून ठरतो आणि नंतरची कोर्टकचेरी टळते. त्याच कलमामुळे घेणाऱ्यावरही जबाबदारी येते: नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं, अशा दोषाची तक्रार पुढे टिकणं कठीण.

नव्या फ्लॅटलाही तपासणी हवीच. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बिल्डरला तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. ही मुदत संपायच्या आत एकदा इंजिनिअर आणाच.

एका फ्लॅटच्या पाहणीने अख्ख्या इमारतीचं ऑडिट होत नाही. त्यासाठी सोसायटीकडे शेवटचा अहवाल मागा आणि इमारत महापालिकेच्या धोकादायक यादीत आहे का, हे विचारा. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सोसायटी अहवाल दाखवत नसेल, तर टोकन देऊ नका. द्यायचंच झालं तर विसारपावतीत एक ओळ घाला: इंजिनिअरच्या अहवालात खांब, बीम किंवा स्लॅबमध्ये गंभीर दोष निघाल्यास विसाराची पूर्ण रक्कम परत.